एका चुलीच्या दोन

कापगत्यांच्या दोन्ही सुना तीन दिवसांपासून भांडत होत्या, आणि दुर्गेश्वरीला त्याचा मनातल्या मनात फार आनंद झाला होता.

नागपूरला ती मानव विकास आणि कुटुंबशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होती. दिवाळीच्या सुट्टीसाठी राजदीप सरांनी काम दिलं होतं. एखाद्या कुटुंबात एखादा निर्णय कसा होतो ते तीन दिवस बसून बघायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी तक्त्यात नोंद करायची. कोण कुठे आहे, कोण कोणाशी बोललं, कोणाचं ऐकलं गेलं. "भिंतीवरच्या पालीसारखं राहा," सर म्हणाले होते. "दिसलात तरी चालेल, चुकचुकायचं नाही."

मैत्रिणी परक्या घरांत ओळखी काढत हिंडत होत्या. दुर्गेश्वरी अर्जुनी मोरगावहून एस.टी.नं खैरीटोल्याला उतरली, तर फाटकातूनच तिला आईचा आवाज ऐकू आला.

"माह्या गंजाले हात लावला तं पाहून घेजो!"

"गंज का तुमच्या माहेरून आला?" आतून अल्काकाकी ओरडली. "सामाईक आहे गंज!"

दुर्गेश्वरीनं पिशवी खाली ठेवली, तक्ता काढला आणि पहिली नोंद केली.

भांडण तसं कशावरूनही होत होतं. कधी गंजावरून, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यावरून, कधी मिठावरून, कधी पोपटाच्या शेंगा कोणी निवडायच्या त्यावरून. पण निर्णय एकच व्हायचा होता. घरातली चूल एक ठेवायची की दोन करायच्या? तो शनिवारपर्यंत व्हायलाच हवा होता, कारण रविवारी गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. मंडईला पाहुणे येणार, दंडारीचा नाच बघणार, रात्रीच्या नाटकाला थांबणार. त्या पाहुण्यांच्या पुढ्यात कापगत्यांच्या सुना गंजावरून भांडल्या, तर आबाजींनी तोंड कुठे लपवायचं?

आबाजी म्हणजे केशोराव. बारा वर्षं ते पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष होते. गावतलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ सोडायचं ते त्यांनी ठरवावं आणि गावानं मान हलवावी. त्यांचा एक नियम तर शेजारच्या गावांतही ठाऊक होता. एकदा पाणी बांधीत गेलं की ते बांधीवाल्याचं. मग त्यानं त्यात धान लावावं नाहीतर म्हशी बसवाव्यात, कोणी तोंड घालायचं नाही. अशा माणसाच्या घरात दोन बायांची वाटणी होईना, हे त्यांना फार लागलं होतं.

"कुटुंब शिकाले नागपूरले जा लागते का वो?" त्यांनी तक्त्याकडे बघत नातीला विचारलं. "इथे काय कमी होतं?"

"नर्सचंच असन थोडंसं," ओमेशकाका खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला. तो घरातला धाकटा, अल्काकाकीचा नवरा.

"नर्सचं नाही, काका."

"मंग नोकरी कायची लागते?"

ह्याचं उत्तर दुर्गेश्वरीलाही पुरतं ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं नोंद केली.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी ती हातपाय धुवायला गेली आणि तक्ता खाटेवर राहिला. परत येते तर ओमेशकाका तो हातात धरून बसला होता, आणि त्याचा चेहरा पेपरात चोर म्हणून फोटो छापून आल्यासारखा झाला होता.

"हे काय लिवलं वो? 'ओमेश, अकरा ते एक, खाटेवर. दोन ते चार, खाटेवर. सव्वाचार, खाट बदलली'?"

"तसंच झालं ना, काका."

"अन् हे तुहे सर वाचतीन?"

"वाचतील. वर्गातही मांडावं लागेल."

"वर्गात पोरी असतीन?"

"सगळ्या पोरीच आहेत."

ओमेशकाका उठला. अर्ध्या तासात तक्त्यात काय काय आहे ते घरभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेश्वरी उठली तेव्हा तिचे बाबा, खुशालराव, अंगण झाडत होते. त्यांनी उभ्या जन्मात खराटा धरला नव्हता. धरायचं टोक कोणतं हेही आजीनं दाखवलं होतं म्हणे. काका विहिरीवरून एकेक घागर पाणी आणत होता, आणि प्रत्येक खेपेला तिच्या समोरूनच जात होता. "चौथा गुंड आहे," तो जाता जाता म्हणाला. "लिवून घे."

दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत. त्या सकाळी बाबा म्हणाले, "ओमेश, चहा घेतला का गा?" आणि काका म्हणाला, "तुमी घ्या दादा पहिले." दोघांनीही आधी तक्त्याकडे आणि मग एकमेकांकडे बघितलं.

दुपारी आबाजींनी तिला बाजूला घेतलं. "माह्या रकान्यात काय लिवलं?"

"सांगता येत नाही, आबाजी. नियम आहे."

"मी आजा आहो तुहा."

"म्हणून तर नाही सांगता येत."

त्यांनी थोडा विचार केला. मग मोठ्यानं, तक्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या घरात सगळ्याईले बोलाची मोकळीक आहे!" आणि कोणी काही बोलायच्या आत निघून गेले.

फक्त तिघींवर काही परिणाम नव्हता. आई आणि काकी भांडतच होत्या, उलट जरा चढ्या आवाजात. आणि आजी, सुशिलाबाई, तिनं तक्त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लाखोरीची डाळ पाखडत ती आपली बसली होती.

दुपारी दुर्गेश्वरीनं दोन्ही दिवसांचे तक्ते शेजारी ठेवले आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काल तीन ते चार आईच्या रकान्यात 'दिसली नाही', आणि आज तीनच्या नोंदीतही तेच. अल्काकाकीच्या रकान्यातही 'दिसली नाही'. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन बाया रोज एकाच वेळी गायब कशा होतात? वर्गात शिकवलं होतं की माणसं काय बोलतात त्यापेक्षा ती कुठे उभी असतात ते बघा. दुर्गेश्वरीनं घड्याळ बघितलं. सव्वातीन. ती उठली आणि मागच्या वाडीत गेली.

वाडीच्या टोकाला तणसीचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता, घराएवढा उंच. त्याच्या मागून कोणीतरी हसत होतं. तोंडावर पदर दाबून, तरी फुटणारं, पोट धरायला लावणारं हसू.

ती वळसा घालून गेली. आई आणि काकी तणसीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. मधे उकडलेल्या पोपटाच्या शेंगा होत्या. आईच्या मांडीवर पुस्तक होतं.

"'माहेरून आला का' म्हणलं तं मी हासतच होती," आई सांगत होती. "मंग मी तोंड फिरवून गंजातच डोस्कं घातलं."

"ताई, तुमी त्या वक्ती..." काकीला दुर्गेश्वरी दिसली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग आईनं बाजूला सरकून जागा केली. "बस. पन ते कागद तिकडे ठेव."

दुर्गेश्वरीनं तक्ता उलटा करून तणसीवर ठेवला. "हे काय चाललं आहे, आई?"

"भांडन," काकी म्हणाली, आणि दोघींना पुन्हा हसू आलं.

मग सगळं बाहेर आलं. अल्काकाकीचं नाव अंगणवाडीसेविकेच्या यादीत लागलं होतं. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. घरात हे ओमेशकाकालाही ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी तिनं शिलाई शिकायला अर्जुनीला जाऊ का, असं विचारलं होतं, तर आबाजींनी नुसतं "कायले?" म्हटलं आणि विषय संपला.

"मामाजी वाईट नाईत," काकी सासऱ्यांविषयी म्हणाली. "पन त्याईले विचारलं का 'कायले' निघते तोंडातून. खोकल्यासारखं. मंग ते मागे नाई घेत."

"म्हनून विचाराचंच नाई," आई म्हणाली. "चूल वेगळी झाली का अल्काचं घर अल्काचं. मामाजीचा नियमच आहे, बांधीत पानी गेलं का तोंड घालाचं नाई."

"आणि कामाचं?"

"सकारचा सैपाक मी दोन्ही घरचा करीन. संध्याकारचा अल्का करन. मागच्या दारानं गंज इकडचा तिकडे. कोनाले समजते?"

दुर्गेश्वरी बघतच राहिली. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. "पण आई, ह्यात तुला काय मिळतं?"

आईनं तणसीतून एक काडी उपसली. काकीनंच आईच्या मांडीवरचं पुस्तक उचलून दुर्गेश्वरीच्या हातात दिलं. दहावीचं बीजगणित. आत घडी घातलेला सतरा नंबरचा फॉर्म होता, आणि त्यावर आईच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात नाव: प्रेमिला खुशाल कापगते.

"नववीतून काढलं होतं मले," आई तणसीची काडी मोडत म्हणाली. "लग्न ठरलं म्हनून. तू गेली नागपूरले, अन् मले वाटलं, दुपारी मी करून काय राहिली?"

दुर्गेश्वरीनं फॉर्म पुन्हा घडी घालून पुस्तकात ठेवला. दोन वर्षं ती घर, नाती, स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे ह्यांवर पानंच्या पानं लिहीत होती. आईला काय हवं आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तू शिकलेली. तुले खोटं बोलता येत नाई," आई म्हणाली. "आता सांगनार का त्याईले?"

"मला मधे पडता येत नाही. नियम आहे."

"मंग झालं तं," काकीनं तिच्या हातात शेंगा दिल्या. "उद्या बैठक. आमी भांडतो, मामाजी वाटनी करतीन. तू फक्त पाहत राह्य."

पण एक गोष्ट तिघींच्याही ध्यानात आली नव्हती.

शनिवारी सकाळी पुढच्या पडवीत, सपरीत, खाटा टाकल्या. साक्षीला उदारामकाका आले. पाणीवाटपातले आबाजींचे जुने सोबती, हो म्हणण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता. आबाजी मधे, बाबा आणि काका दोन बाजूंना, आई आणि काकी आतल्या दाराच्या आड. सुना मामाजींशी थेट बोलत नसत. काही सांगायचं तर दाराआडून, तेही भलत्याच्या नावानं. दुर्गेश्वरी खांबाला टेकून बसली.

"बोला," आबाजी म्हणाले. "खुशाल, तू मोठा."

बाबांनी घसा साफ केला. "आबा, खरं सांगू? मले तं वाटते चूल एकच राहू द्या."

दाराआड बांगड्या वाजल्या.

"हे दोन दिवस पाहा ना घरात," बाबा पुढे म्हणाले. "मी झाडून राहिलो, ओमेश पानी भरून राहिला. किती गोड चाललं. वेगळं कायले व्हाचं?"

"दादा म्हणते ते एकदम बराबर," काका म्हणाला. "मी सकारपासून खाटेवर बसलो नाई." तो खाटेवरच बसला होता, पण ते कोणी मोजलं नाही.

आबाजींचा चेहरा फुलला. दहा वर्षांत भावांचं एकमत झालं नव्हतं. "ऐकलं का उदाराम?"

"ऐकलं. बराबर आहे," उदारामकाका म्हणाले.

दुर्गेश्वरीनं मांडीवरच्या तक्त्याकडे बघितलं. हे सगळं तिच्या तक्त्यामुळे झालं होतं. वर्गात कोणी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून तीन पुरुष दीड दिवस चांगले वागले होते, आणि त्या चांगुलपणाखाली अंगणवाडी आणि दहावी दोन्ही गाडली जात होती. ती सोमवारी नागपूरला गेली की खराटा पुन्हा कोपऱ्यात जाणार, हे दाराआडच्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. आत एक भांडं जोरात आपटलं; भांडण सुरू करायचा तो शेवटचा प्रयत्न असावा. आबाजींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"तं मंग ठरलं..." त्यांनी मांडीवर हात मारायला उचलला.

"आबाजी, तक्ता वाचू का?"

आपण हे बोललो, हे दुर्गेश्वरीला बोलून झाल्यावर कळलं.

आबाजींचा हात वरच थांबला. गोड बातमी आहे असं समजून ते म्हणाले, "वाच, वाच. उदारामलेही समजू दे."

तिनं कागद हातात घेतला. ती वर्गातल्या पुस्तकी मराठीत वाचू लागली. "तीन दिवसांत या घरात एकोणतीस निर्णय झाले. त्यांतले सव्वीस आबाजींनी घेतले. दोन बाबांनी. एक काकांनी."

"माहा एक कोन्ता?" काका खूश झाला.

"टीव्हीचा आवाज वाढवायचा."

उदारामकाकांना खोकला आला.

"सुनांचं मत किती वेळा विचारलं?" दुर्गेश्वरीनं पान उलटलं, उलटायची गरज नसताना. "शून्य. चुली किती करायच्या ह्यावर अकरा वेळा बोलणं झालं. चुलीपाशी बसणाऱ्या दोघींना एकदाही विचारलं नाही."

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

आबाजींचा चेहरा उतरला, पण माणूस बारा वर्षं अध्यक्ष होता. त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "अन् भांडनाचं? त्या खरंच किती खेपा भांडल्या?"

दाराआडच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या.

"बावीस वेळा."

"सगळं ऐकू येऊन राहिलं होतं," उदारामकाका डोळे बारीक करून म्हणाले. "माह्या घरापरेंत. पन पोरी, ज्या भांडनाचा आवाज सपरीत नाई येत, तसं किती?"

"तसं भांडण मी एकही ऐकलं नाही, काका."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. उदारामकाका तिच्याकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात आजी आतून हात पुसत आली. बैठकीच्या वेळी आजी सपरीत येत नसे. ती आली आणि सरळ दुर्गेश्वरीसमोर उभी राहिली.

"त्यात माहा रकाना आहे का वो?"

"आहे, आजी."

"काय लिवलं?"

"काही नाही. तू तीन दिवस बोललीच नाहीस."

"मंग आता लिव." आजी आबाजींकडे वळली. "चुली दोन करा. अन् मी एकाही चुलीपाशी बसत नाई. बावन्न वर्स बसली, झालं."

आबाजी खाटेवर पुढे सरकले. "मंग... तू जेवशीन कुठे?"

"बोलावतीन तिथे. पाहुनी म्हनून."

"अन् मी?"

"तुमीही पाहुनेच. पाहुना विचारून येते. अन् जेवताना 'हे कायले केलं' म्हणत नाई."

दाराआडून एक दबका आवाज आला. तो हुंदका आहे की दुसरं काही, हे बाबा आणि काकांना कळलं नाही. दुर्गेश्वरीनं मान खाली घालून उगाचच काहीतरी खरडलं.

आबाजींनी एकदा आजीकडे, एकदा दाराकडे बघितलं. मग त्यांनी उचलून ठेवलेला हात अखेर मांडीवर मारला. "हेच सांगनार होतो मी," ते म्हणाले. "दोन चुली. उदाराम, तुले कालच म्हणलं होतं ना?"

उदारामकाकांना तसं काहीच आठवत नव्हतं. "म्हणलं होतं," ते म्हणाले.

दुपारी आजी मागच्या वाडीत धान राखायला बसली होती. दुर्गेश्वरी तिच्याजवळ गेली. "आजी, तुला ठाऊक होतं?"

"तनसीमागून हासू येऊन राहिलं होतं," आजी कावळ्याला हाकलत म्हणाली. "म्हशी काय हासतेत?"

"मग कोणाला बोलली का नाहीस?"

"मले कोनी विचारलं का?"

मंडई झोकात झाली. पाहुण्यांना दोन चुलींवरचं जेवण मिळालं आणि दोन्हीकडची भाजी सारखीच कशी लागते, ह्याचं कोणालाही नवल वाटलं नाही. एक तारखेला अल्काकाकी अंगणवाडीत रुजू झाली. आदल्या दिवशी तिनं ओमेशकाकाला सांगितलं होतं, आणि तो सल्ल्यासाठी आबाजींकडे धावला होता. आबाजींच्या ओठांवर 'कायले' आलेलं त्यानं स्वतः पाहिलं. पण आबाजींनी ते गिळलं. "तुही चूल वेगळी," ते म्हणाले. "मी दुसऱ्याच्या बांधीत तोंड घालत नाई."

आईच्या फॉर्मवर सही मात्र बाबांनी केली. सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, "नापास झाली तं?" आई म्हणाली, "मंग पुन्हा बसीन."

दुर्गेश्वरीनं अहवालात सगळं लिहिलं. तणस, शेंगा, आपण तोंड उघडलं तेही. सरांनी लाल शाईत शेरा दिला: 'निरीक्षकाने हस्तक्षेप केला. गुण कापले आहेत.' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: 'आईंना बीजगणितात कुठे अडतं ते विचारून या. मी आधी गणित शिकवायचो.'

पण गंमत झाली ती पुढे. सुना भांडायच्या थांबल्या, हे गावानं पाहिलं. नुसत्या थांबल्या नाहीत तर बाजारात एकत्र बांगड्या भरताना दिसल्या. आबाजींनी हे श्रेय कोणाला वाटून दिलं नाही. पारावर बसून ते सांगत, "चूल वेगळी केली का मन एक होते. हे समजाले अक्कल लागते." उदारामकाका शेजारी मान हलवत. हळूहळू लोक सल्ला घ्यायला येऊ लागले. पौषापर्यंत आबाजींनी गावातली तीन घरं वेगळी करून दिली, आणि तिन्ही घरांत शांतता नांदू लागली. असा न्याय पंचक्रोशीत कोणी केला नाही, असं ते स्वतःच म्हणत.

संक्रांतीला दुर्गेश्वरी घरी आली होती. दुपारी आई मागच्या ओसरीवर वर्गसमीकरणं सोडवत होती. तेवढ्यात शेजारची रुख्मा वाडीतून आत आली. तिनं आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं, पदर सावरला आणि आईच्या कानाशी वाकली.

"प्रेमिलाबाई, माह्या जावेनं विचाराले धाडलं," ती हळूच म्हणाली. "भांडन किती दिवस करा लागते?"